एकोणीस ट्रॅक्टर आणि एक सभापती

"फोटोचं माझ्यावर सोडा" हे तीन शब्द मी फेब्रुवारीत बोललो आणि मे महिना संपेपर्यंत निस्तरत होतो. बोलायची गरज नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. ओळखीचे शेतकरी सोपान खेडकर आमच्या ओट्यावर चहा पीत सहज सांगत होते की, खडकमाळवाडीला जुन्या ट्रॅक्टरांचा नांगरट मेळावा घ्यायचाय. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे ट्रॅक्टर बोलवायचे, ज्वारी काढलेल्या रानात नांगरून दाखवायचे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी आठवण द्यायची. शाल-नारळ मात्र नको. नारळ माणूस घरी जाऊन फोडतो आणि शाल पुढच्या सत्काराला जाते, असा त्यांचा अनुभव. ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरचा नांगरतानाचा फोटो दिला तर तो भिंतीवर राहील, असं ते म्हणाले, आणि माझ्या तोंडून ते तीन शब्द गेले.

मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो. कालव्यांचे नकाशे काढायचो. माझ्या काही कालव्यांना अजून पाणी आलेलं नाही, पण रेघ कधी वाकडी गेली नाही. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला आणि पक्ष्यांच्या मागे लागलो. पक्षी थांबत नाहीत, त्यामुळे माझ्याकडे रिकाम्या फांद्यांचा मोठा संग्रह झालाय. माझी बायको सीमा सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिचं बोलणं अजूनही इंजेक्शनसारखं असतं. ती एवढंच म्हणाली की, बरं झालं, ट्रॅक्टर निदान उडत तरी नाही.

पहिली अडचण परवानगीची. सोपानराव म्हणाले, भाऊसाहेब, तुमी सरकारी माणूस, तुमीच जा. मी तहसील कचेरीत गेलो. अर्जाच्या छापील नमुन्यात सभा, मिरवणूक, यात्रा आणि इतर असे चार प्रकार होते. मी "इतर"वर खूण केली. कारकून म्हणाला, इतर म्हटलं की पोलिसांचा ना-हरकत लागतो. पोलीस म्हणाले, वाहनं आहेत, तर परिवहनवाल्यांना विचारा. परिवहनवाले म्हणाले, वाहन रस्त्यावर असेल तर आम्ही, रानात असेल तर कृषी. कृषीवाल्यांनी मात्र फार चांगलं स्वागत केलं, उपक्रमाचं कौतुक केलं, आणि फोटो झाले की आम्हालाही पाठवा म्हणाले. परवानगी त्यांच्याकडे नव्हतीच. "हे या टेबलाचं काम नाही" हे वाक्य मी स्वतः एकतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. टेबलाच्या अलीकडून ते कसं ऐकू येतं, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

शेवटी मेळाव्याच्या आदल्या दिवशी कागद हातात आला. त्यात लिहिलं होतं की, खडकमाळवाडी येथील ट्रॅक्टर मोर्चास घोषणा न देण्याच्या अटीवर परवानगी देण्यात येत आहे. दुरुस्ती करायला वेळ नव्हता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी एक हवालदार येऊन बांधावर उभे राहिले आणि घोषणांची वाट पाहू लागले. जामगावचा एक ट्रॅक्टर काही केल्या चालू होईना. हँडल मारमारून दोघं घामाघूम झाले, आणि अकराव्या फेऱ्याला तो धडधडला तेव्हा सगळं रान ओरडलं. हवालदारांनी लगेच वही काढली. सोपानरावांनी त्यांना चहा दिला आणि ही घोषणा नव्हे, आनंद आहे, हे समजावून सांगितलं.

एकोणीस ट्रॅक्टर आले होते. श्रीगोंद्याचे, पारनेरचे, दोन-तीन थेट पाथर्डीकडचे. काहींना रंग नवा होता, काहींना नुसता गंज, पण मालकांचा ताठा सारखाच. आता नांगरतानाचा फोटो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर माती उलटतेय, माणूस कामात गुंग आहे, असं काहीतरी येईल. माझ्याही आलं होतं. प्रत्यक्षात मी कॅमेरा उचलला की ट्रॅक्टर थांबायचा, माणूस खिशातून गॉगल काढायचा आणि छाती पुढे काढून बसायचा. चालता ट्रॅक्टर हवाय म्हटलं की तो कॅमेऱ्याकडे बघत चालवायचा, आणि नांगराचा तास शेजारच्याच्या तासात घुसायचा. त्यावरून दोन भांडणं झाली. ती मी सोडवली नाहीत, कारण तेव्हा मी खालून कोन साधावा म्हणून सरीत आडवा झालो होतो. माझी टोपी वाऱ्यानं उडाली आणि नांगराखाली गेली. तिचा फोटो आहे. मी आडवा पडलेला असल्याचाही आहे, तो दुसऱ्याच कुणी काढला आणि संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरवला. खाली लिहिलं होतं, "पाटबंधारे खाते अखेर शेतापर्यंत पोहोचले."

या सगळ्यात एकच फोटो असा निघाला की, तो पाहून मी माझा अपमान विसरलो. जामखेडच्या अलीकडून लंकाबाई ढवळे नावाच्या बहात्तर वर्षांच्या बाई स्वतः ट्रॅक्टर चालवत पंचवीस किलोमीटर आल्या होत्या. पुतण्या पार्थ मडगार्डवर बसून मोबाईल बघत आला होता. त्यांची हकीकत मला सोपानरावांनी सांगितली. नवऱ्यानं ट्रॅक्टर घेतला आणि दुसऱ्याच वर्षी तो वारला. या बाई शिकल्या. बाईनं नांगरलेल्या रानात पीक येत नाही, असं गावात म्हणत, म्हणून पहिलं वर्ष कुणी कामाला बोलवलं नाही. तेव्हा त्यांनी रस्त्याकडेचं स्वतःचंच पडीक रान दोनदा नांगरलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. पुढच्या वर्षापासून लोक दारात यायला लागले. त्या ट्रॅक्टरवर त्यांनी दीर शिकवला, नणंदांची लग्नं केली आणि पार्थलाही वाढवलं.

त्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. एक हात स्टिअरिंगवर, एक मडगार्डवर, मान मागे वळवून नजर फाळावर. तास असा सरळ की मला माझी रेघेची पट्टी आठवली. मी एकच फोटो काढला. दुसरा काढायची गरज नव्हती.

हो, मेळाव्याला सभापतीही आले होते. कशाचे सभापती हे मी मुद्दाम सांगत नाही, आणि ते माजी आहेत. पण आमच्याकडे हे पद एकदा चिकटलं की आडनावासारखं राहतं. ते अकरा मिनिटं होते. त्यातली सहा मिनिटं बंद ट्रॅक्टरवर बसून त्यांनी फोटो काढून घेतले.

आता आठवण कशी द्यायची, यावर आमच्या शेजारच्या गोरक्षनाथ तापकिरांनी सल्ला दिला. तापकीर सहकारी संस्थेतून निवृत्त झालेत आणि त्यांच्याकडे सल्ल्यांचा साठा अजून शिल्लक आहे. नुसती फ्रेम कुणी बघत नाही, ते म्हणाले, भिंतीवरचं घड्याळ करा, फोटोचं घड्याळ. माणूस दिवसातून वीसदा बघतो. मला पटलं. कर्जतमध्ये ओमचं फ्लेक्स आणि फोटोछपाईचं दुकान आहे, त्याच्याकडून सोपानरावांच्या फोटोचा नमुना करून घेतला. घड्याळाचे काटे मधोमध बसतात हे मला माहीत होतं. सोपानराव फोटोत मधोमध आहेत हेही माहीत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध मात्र मी जोडला नव्हता. काटे त्यांच्या नाकातून निघाले. सहा वाजता कपाळापासून हनुवटीपर्यंत उभं गंध, पावणेतीनला आडव्या मिशा. सोपानरावांनी घड्याळ हातात घेऊन पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, नाकाबिगर करता यील का?"

घड्याळ बाद झालं. साध्या फ्रेम करायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात पार्थ माझ्याकडे आला. तो सभापतींचा कार्यकर्ता आहे हे मला तेव्हा कळलं. त्यानं पेनड्राइव्हवर तयार डिझाइन आणलं होतं. वर एका ओळीत नऊ नेत्यांची डोकी. मध्ये हात जोडलेले सभापती, कमरेपर्यंत. खाली डाव्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी मोकळी जागा. तिथं ज्याचा त्याचा ट्रॅक्टर बसवायचा, असं त्यानं समजावलं. फ्रेम सभापतींच्याच हस्ते वाटायच्या, मांडव आणि माईक त्यांच्याकडून.

मी विचारलं, "सभापतींनी किती तास मारले?"

"सर, त्यांनी मार्गदर्शन केलं."

"मग मार्गदर्शनाचा फोटो आपण वेगळा काढू. हा नांगरटीचा आहे."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग जरा खुर्ची पुढे ओढून त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. त्यांच्या ट्रॅक्टरच्या फोटोत काकी सीटवर आहेत. तर एडिट करून तिथं त्याला बसवावं आणि काकींना मागे, जमलं तर बांधावर उभं करावं. मेळाव्याच्या समितीच्या यादीत मालक म्हणून नाव त्याचंच आहे. आणि बाहेरच्या लोकांत बरं दिसत नाही.

आता मी काही लढवय्या माणूस नाही. नोकरीत मी वरिष्ठांसमोर फार तर एकदा खोकलो असेन. पण त्या दिवशी मी पेनड्राइव्ह त्याच्या हातात परत दिला आणि सांगितलं की, यातलं काहीही होणार नाही; नऊ डोकी नाहीत, सभापती नाहीत, आणि सीटवर जी बसली होती तीच बसेल. माझा आवाज थोडा चिरकला, पण वाक्य पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी ओमचा फोन आला. सर, मशीन बिघडलंय. कधी दुरुस्त होईल विचारलं तर म्हणाला, निवडणुकीनंतर. मग स्वतःच ओशाळून म्हणाला की, सर, मला याच गावात दुकान चालवायचंय. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

कॉलनीत मात्र सल्ल्यांना पूर आला. कुणी म्हणालं, सभापतींना फ्रेमच्या मागच्या बाजूला छापा, तिथं कोण बघतंय. कुणी म्हणालं, तिकिटाएवढे करून कोपऱ्यात लावा. तापकीर मला म्हणाले, "नैवेद्य दाखवायचा असतो भीमराजराव, खायचं आपणच असतं." ते दोन दिवस रोज सकाळी हेच सांगायला येत होते आणि आमच्याकडचा चहा खरोखरच आपणच पीत होते. शेवटी मी सीमाला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी तीस वर्षं सगळ्यांना सुया टोचल्या. साहेब असो की शिपाई, सुई पाहिली की सारखेच ओरडतात. तुम्ही अजून सुई काढली पण नाही, तर हे ओरडायला लागले. टाकू नका त्यांचा फोटो." हे तिनं माझ्या बाजूनं बोललेलं गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात लांब भाषण होतं.

मग मी एसटीनं मिरजगावला गेलो. तिथं धनश्री नावाच्या एका मुलीचा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो करते. तिनं सगळं ऐकलं आणि एका शब्दानं न विचारता काम घेतलं. दोन दिवसांनी पाकीट आलं. उघडलं, तर एकोणीस गोरेपान नवरदेव. तिच्या मशीनमध्ये लग्नाच्या फोटोंसाठी चेहरे उजळायची सोय कायमची चालू होती. श्रीगोंद्याचे सत्तरीतले एक पैलवान गालांवर गुलाबी लाली घेऊन नांगर धरून होते. लंकाबाईंच्या तोंडावरची एकूण एक सुरकुती पुसली गेली होती. मी पुन्हा एसटी पकडली. धनश्रीनं कपाळाला हात लावला. संध्याकाळी नवे फोटो देताना म्हणाली, काका, काळं-सावळं जसंच्या तसं ठेवायचं बटण शोधायलाच मला अर्धा दिवस लागला. आजवर कुणी मागितलंच नव्हतं.

इकडे मालकांचे फोन सुरू झाले होते. कुणीतरी उठवलं होतं की फोटोत नंबरप्लेट दिसली तर जुन्या पासिंगची चौकशी लागते. निम्म्यांना नंबर झाकून हवा होता. उरलेल्या निम्म्यांना नंबर ठळक हवा होता, कारण तोच त्यांच्या ट्रॅक्टरच्या वयाचा दाखला. एकजण म्हणाला, अर्धा दिसू द्या. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं की, जसं रानात होतं तसंच राहील. नाही म्हणायची मला चटक लागली होती, हे मी कबूल करतो.

फ्रेमवालेही कर्जतमध्ये एकाएकी कामात गुंतले. तेव्हा मी जुनी पेटी उघडली. ट्रेसिंगची पेनं, काळी शाई, पट्टी. जाड पुठ्ठे आणले, सीमानं ते दवाखान्याच्या सवयीनं जराही न हलता कापले, तापकीर डिंक लावायला बसले आणि डिंक कसा लावू नये यावर बोलत राहिले. प्रत्येक फोटोखाली मी नकाशावर लिहायचो तशा अक्षरांत नाव लिहिलं. कालव्यांची नावं लिहिताना हात जसा चालायचा तसाच चालला. लंकाबाईंच्या फोटोखाली लिहिलं, "नांगरट : लंकाबाई ढवळे". लिहिताना यादी शेजारीच होती. मी ती पालथी करून ठेवली.

वाटप एका रविवारी सकाळी सोपानरावांच्या रानात, चिंचेखाली ठेवलं. मांडव आला नाही, माईक आला नाही, सभापती आले नाहीत. त्यामुळे भाषणंही झाली नाहीत, आणि पाथर्डीवाल्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की इतका चांगला कार्यक्रम त्यांनी पाहिला नव्हता. माणसं फोटो हातात घेऊन आधी ट्रॅक्टर बघत, मग नांगर, मग शेवटी स्वतःला. श्रीगोंद्याचे पैलवान आपला फोटो छातीशी धरून उभे राहिले.

लंकाबाईंचा फोटो मी पुढे केला तो पार्थनं मधेच घेतला. वाचला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की, यादीत नाव माझं असताना हे कुणाच्या परवानगीनं झालं. सोपानराव माझ्याकडे बघायला लागले.

"परवानगी मोर्चाची होती," मी म्हणालो. "फोटोला लागत नाही. जी दिसली ती काढली आणि जिचं काम तिचं नाव लिहिलं. तुमचं नाव यादीत आहे ना, मग यादीची फ्रेम करून घ्या."

पार्थ काहीतरी बोलणार होता. लंकाबाईंनी त्याच्या हातातून फोटो काढून घेतला. त्यांना अक्षरं सावकाश लागतात. एकेक जोडत त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, मग डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता डोळे भरून येतील.

"डाव्या अंगाला येक वीत सुटलीया," त्या म्हणाल्या. "फाळ जरा खाली घ्याया पायजे हुता." मग फोटो पुतण्याकडे न देता पदराखाली घेतला आणि मला विचारलं, "भाऊ, ह्यो मोठा हुतो का? वेशीवर लावतेत तेवढा?"

मी म्हणालो, होतो, पण ओमचं मशीन निवडणुकीपर्यंत बंद आहे. त्यांनी दुकान कुठं आहे ते विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं, विषय संपला.

मंगळवारी सकाळी ओमचा घाबरलेला फोन आला की, सर, लगेच या. मी गेलो तर भर बाजारपेठेत त्याच्या दुकानाच्या दाराला लावून तो जुना ट्रॅक्टर उभा, मागे नांगरासकट. माणूस अंग चोरून आत-बाहेर करेल एवढीच फट. लंकाबाई त्याच्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर पायरीजवळ चहा पीत बसलेल्या. मी हळूच म्हणालो, मावशी, ट्रॅक्टर जरा बाजूला घेऊ या.

"बंद पडलाय," त्या म्हणाल्या. "फ्लेक्स झाला की चालू हुईल."

गर्दी जमली. ते आमचे हवालदारही आले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, वहीकडे हात नेला आणि मग हा विषय वाहतूक शाखेचा असल्याचं सांगून निघून गेले. ओमनं पार्थला फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही, पण लंकाबाईंनी हात पुढे करून फोन मागितला आणि त्यात एवढंच बोलल्या, "पार्था, तुला ह्यो ट्रॅक्टर चालू करता येत आसंल तर ये आन् घिऊन जा." पार्थ आला नाही. अर्ध्या तासानं ओमचं मशीन आपोआप दुरुस्त झालं.

दहा फूट बाय आठ फूट. पडद्यावर फोटो मोठा होत गेला तसं बाजारातलं माणूस न् माणूस ट्रॅक्टरमागे येऊन उभं राहिलं. सुरकुत्या, फाळ, उलटत जाणारी काळी माती, सगळं. सवयीनं ओमनं वर नऊ गोल आखले होते, ते मी पुसायला लावले. खाली त्यानं विचारलं, शुभेच्छुक म्हणून कुणाचं नाव टाकू.

"कुनाच्या शुभेच्छा नकोत," लंकाबाई म्हणाल्या. "माजं नाव टाक. आन् खाली फोन नंबर. नांगरटीची कामं घेते म्हनून लिव्ह."

मी म्हणालो, मावशी, या वयात?

"मग फोटू कशाला काढलाव?" त्यांनी विचारलं. मी पेन घेऊन त्यांचा नंबर कागदावर लिहून घेतला, दोनदा वाचून खात्री केली, आणि छापायला दिला. फ्लेक्सची गुंडाळी नांगरावर आडवी बांधली. ट्रॅक्टर पहिल्याच हँडलला चालू झाला.

वेशीवर तो लागून आता तीन आठवडे झालेत. तापकिरांचं राशीन रस्त्याला दोन एकर रान आहे. परवा त्यांनी माझ्यासमोरच तो नंबर लावला आणि आधी नमस्कार करून मग नांगरट किती खोल हवी, कोणत्या बाजूनं सुरू करावी, वळण कसं घ्यावं, हे सगळं सविस्तर सांगितलं. मग तापकीर नुसतं "बरं", "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

काय म्हणाल्या, मी विचारलं.

"सतरावा नंबर आहे म्हणाल्या. बावीस तारखेनंतर येते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि मी आले की तुम्ही बांधावर गप बसायचं, म्हणाल्या."

मग ते उठले आणि बांधावर बसायला जुनी सतरंजी कुठं ठेवलीय, ते बघायला घरात गेले.